बुक्क्यावरचा आळ

आख्यान ऐन रंगात आलं होतं, आणि बुवांनी डाव्या हाताची करंगळी खाली केली.

बावीस वर्षं मी दामोदरबुवा हर्डीकरांच्या मागे पेटीवर बसत होतो. करंगळी खाली म्हणजे सूर उतरव, हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी शिकवून ठेवलं होतं. पण ती खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती. काळी दोनमध्ये गाणारा माणूस! मी पांढरी एकवर आलो. तबल्यावरच्या महादूनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. तबला असा मध्येच उतरत नाही.

वनवासाला निघालेला राम नदीकाठी उभा आहे आणि नावाडी हटून बसलाय, आधी पाय धुऊ दे, मग नाव. दरवर्षी या जागी बुवा नुसतं ‘रामा’ म्हणून एक लांब आलाप घेत आणि सगळं देऊळ त्या एका श्वासावर नदीपार होई. त्या दिवशी आलाप निघाला आणि अर्ध्यात तुटला. बुवांनी उपरण्याचं टोक तोंडाशी धरलं. पुढे बसलेल्या बायकांना वाटलं, बुवांना गहिवर आला. त्यांनीही पदर डोळ्यांना लावले. मला मात्र मागून वेगळंच ऐकू येत होतं. मी धंद्यानं पेट्या दुरुस्त करणारा. भात्याला बारीक चीर गेली की एकही सूर न दाबता पेटी शीळ घालते. तशी शीळ बुवांच्या छातीतून येत होती.

हा चैत्रातला तिसरा दिवस. आमच्या अंकलगावच्या राममंदिरात पाडव्यापासून नवमीपर्यंत नऊ दिवस कीर्तन असतं. आठ दिवस संध्याकाळी पाच ते सात, आणि नवमीला सकाळी दहा ते बारा, रामजन्माचं. जन्माचं कीर्तन बुवांच्या घराकडे. आधी त्यांचे वडील करत, नंतर एकतीस वर्षं बुवा. वय चौपन्न, अंगानं शिडशिडीत, आवाज असा की शेवटच्या खांबामागे बसलेल्या म्हाताऱ्यालाही आपल्याशीच बोलतायत असं वाटावं.

महादू आणि मी त्यांना धरून बाहेर ओट्यावर आणलं. दोन वर्षांत असं बहुतेक कीर्तनांत झालं होतं, पण ते कीर्तन संपता संपता, खोकला येऊन जाण्यापुरतं. एवढं कधी नव्हतं.

“उद्या मिरजेला जायचं,” बुवांच्या पत्नी वत्सलावहिनी म्हणाल्या. “मी आता ऐकणार नाही.”

“अगं, बुक्का घशात गेला असेल,” बुवा धापा टाकत हसले. “नानांनी आज मूठभर फासला मला.”

नाना म्हणजे पुजारी. पूर्वरंग संपला की मध्यंतरात कीर्तनकाराला हार घालतात, कपाळाला बुक्का लावतात, मग सगळ्या श्रोत्यांना लावतात. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. बुवांना त्रास व्हायचा तो नेहमी उत्तररंगात. त्यामुळे संशय बुक्क्यावर जाणं साहजिकच होतं.

“आणि गंमत बघ धोंडीराम,” बुवा मला म्हणाले, “ज्याचा वाससुद्धा मला येत नाही, तोच माझा गळा धरतो. मला बुक्का काय आणि चुलीतली राख काय, सारखंच झालंय.”

आम्ही हसलो. मी तर मोठ्यानं हसलो, हे आजही आठवतं.

मिरजेला डॉक्टर नसीम मुजावर छातीच्या रोगांच्या तज्ज्ञ होत्या. पन्नाशीच्या, केस पिकलेले, बोलणं तुटक. त्यांच्या खोलीत एकाला तपासत असताना पुढचे दोघे-तिघे बाकावर आत येऊन बसत. आमच्या आधी हळदीच्या कांडप गिरणीतला एक धिप्पाड गडी होता.

“रविवारी कसं असतं?” बाईंनी विचारलं.

“रविवारी काय होत न्हाई बघा. बैलासारखा हिंडतोय.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारी दुपारनंतर छाती आवळती.”

“दिवाळीत गिरणी बंद होती तेव्हा?”

तो विचारात पडला. मग हळूच म्हणाला, “तेव्हाबी बरा हुतो की.”

“तुमचा दमा गिरणीत राहतो. तुम्ही त्याला रोज भेटायला जाता. मालकाशी बोलून दुसरं काम बघा.”

त्याच्या मागून शाळेतल्या एक बाई होत्या. त्यांना धाप कधीच लागत नव्हती, नुसता कोरडा खोकला, आठ महिन्यांचा. त्यांना एका नळीत जोरानं फुंकायला लावून डॉक्टरबाई म्हणाल्या, “हाही दमाच. शिट्टी नसलेला.”

बुवांना राहवलं नाही. “डॉक्टरबाई, दम्याचे इतके प्रकार?”

“तुमच्या गाण्यात घराणी असतात ना? बाहेरच्याला सगळं आ-आ-आ सारखंच. तसंच हे. लहानपणापासून आलेला वेगळा, चाळिशीनंतर आलेला वेगळा. घराणं चुकलं की औषध चुकतं. या, बसा इथे.”

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. लहानपणी होता? नाही. घरात कुणाला? नाही. रात्री? क्वचित. पावसाळ्यात? फरक नाही. नाक?

“नाक कायमचं चोंदलेलं,” वहिनी म्हणाल्या. “तीन वर्षं झाली. पूर्वी तपकीर ओढायचे ना, तिची देणगी.”

“सोडली ती,” बुवा घाईनं म्हणाले.

“विडी, तंबाखू?”

“शिव शिव.”

“काही गोळ्या? दुखण्याच्या, रक्तदाबाच्या?”

बुवा ताठ बसले. “डॉक्टरबाई, दोन वर्षांत एक गोळी पोटात गेलेली नाही. गुडघे माझे पार गेले होते. आमच्या नारदाच्या गादीवर कीर्तनकारानं बसायचं नसतं, दोन तास उभं राहून सांगायचं. मी तर गादी सोडायला निघालो होतो. पण रामरायानं गुडघे परत दिले. कीर्तनाला उभा राहिलो की दुखणं पळतं. आणि कीर्तनाच्या दिवशी संकल्प सोडल्यापासून आरतीपर्यंत औषध घ्यायचं नाही, हा वडिलांचा नेम. तीर्थ, आणि ह्या धोंडीरामच्या हातचं चाटण. सुंठ, मध, ज्येष्ठमध. बस्स.”

मी खाली फरशीकडे बघत होतो. प्रश्न मला विचारलेला नव्हता.

बाईंनी छाती ऐकली, फुंकणी फुंकायला लावली. मग म्हणाल्या, “बुक्का, धूप, फुलं. आमच्या दर्ग्यात ऊदाच्या धुरानं असेच पेशंट येतात मला. तरी माझी खात्री नाही. कीर्तनं बंद करा म्हटलं तर?”

“बाकीची करतो बंद. नवमीचं नाही,” बुवा म्हणाले.

“‘मराल’ म्हटलं तरी?”

“मरेन की. गादीवर मेलो तर तुम्हाला दोष नाही.”

“मला दोष आहेच,” बाई शांतपणे म्हणाल्या. “मला पेशंट मेलेले आवडत नाहीत.” मग माझ्याकडे वळल्या. “तुम्ही कोण?”

“मी पेटीवर असतो. धोंडीराम सुतार.”

“ह्यांना आधी कधी कधी दम लागला, तारखा आठवतात?”

मला अभिमानच वाटला. “माझ्याकडे वही आहे. प्रत्येक कीर्तनाची. गाव, तारीख, आख्यान, पट्टी. त्याच गावात तेच आख्यान पुन्हा होऊ नये म्हणून ठेवतो.”

“उत्तम. तिच्यात प्रत्येक दिवसापुढे लिहा: बुक्का होता का, धूप, हार, काय खाल्लं, तब्येत कशी होती, दम लागला का. सगळं. आणि एक दिवस बुक्क्याशिवाय कीर्तन करून बघा. हा फवारा जवळ ठेवा.”

चतुर्थीला कीर्तन झालं नाही, भजनी मंडळ बसलं. मी दुपारभर दुकानात वही लिहीत होतो. मी नव्हतो त्या दिवसांचं बुवांना विचारून लिहिलं.

पंचमीला नानांनी देवळात सांगितलं, “आज बुक्का नाही, धूप नाही, हार नाही. बुवांची प्रकृती.” कुजबुज झाली. मागून दत्तू सावकार म्हणाला, “कोरड्या कपाळानं कीर्तन? आम्ही काय तेराव्याला आलोय?”

बुवांनी ऐकलं. “दत्तोबा,” ते म्हणाले, “तुमच्या तेराव्याला बुक्का लावून येईन, वचन देतो. आज सांभाळून घ्या.” देऊळभर हशा झाला आणि ते निभावलं. पण नाना बुक्क्याचं झाकलेलं तबक उगाच इकडून तिकडे हलवत होते. साठ वर्षं ज्यांनी हेच काम केलं, त्यांना त्या संध्याकाळी काम नव्हतं.

साडेचारला मी बुवांना चाटण दिलं होतं. ते मी घरून करून आणायचो, पितळी वाटीत, वर झाकण. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. त्या दिवशी दोन दिवसांच्या दगदगीनं त्यांना पायरी चढवत नव्हती. मी वाटी नेहमीपेक्षा जरा भरलेली दिली.

पूर्वरंग सुरेख झाला. गुडघ्यांची कुरकुर नाही, चेहऱ्यावर तेज. मी मनात म्हटलं, सुटलो, बुक्काच होता. उत्तररंगाची पहिली चाल सुरू झाली आणि मला दिसलं, बुवांच्या मानेवर तांबडं चढत होतं. डोळे पाणावले, नाक वाहू लागलं. मग शीळ. एक नाही, दोन-तीन स्वरांत, चिरलेल्या भात्याची. त्यांनी फवारा मारला. पुन्हा मारला. करंगळी खाली आली नाही. सगळा हातच खाली आला, आणि ते गुडघ्यांवर नाही, एकदम कुशीवर पडले. ओठ निळे.

सरपंचांच्या जीपमध्ये मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मिरजेपर्यंत बारा मैल. वहिनी अखंड नाम घेत होत्या. मला नाम आठवेना. मी फक्त मोजत होतो, एक श्वास, दुसरा श्वास.

षष्ठीला सकाळी दहाच्या सुमारास डॉक्टरबाईंनी मला खोलीत बोलावलं. बुवांना प्राणवायू लावला होता, झोपले होते. धोका टळला होता, पण थोडक्यात. बाईंसमोर माझी वही उघडी होती.

“अक्षर छान आहे तुमचं.”

“हरीची कृपा.”

“हे बघा. माघात कोल्हापूर, तीन दिवस. बुक्का होता, धूप होता, हार होते. दम लागला नाही. एकदाही नाही.” त्यांनी पान उलटलं. “श्रावणात जयसिंगपूर. दोन दिवस. सगळं होतं. दम नाही. काल पंचमी. यातलं काही नाही, आणि माणूस मरता मरता वाचला. म्हणजे बुक्का निर्दोष. माझं चुकलं.”

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली.

“आता हे बघा. कोल्हापूर, शेरा: गुडघ्यांनी फार छळलं, खांबाला टेकून उभे राहिले. जयसिंगपूर: गुडघे दुखले. इतर सगळीकडे: गुडघे उत्तम. आणि दम. गुडघे दुखतात तेव्हा दम लागत नाही. गुडघे दुखत नाहीत तेव्हा दम लागतो.” त्यांनी चष्मा काढला. “हे घराणं मी पुस्तकात पाहिलंय. पण त्यासाठी एक गोष्ट लागते, आणि ती ह्या वहीत नाही. कोल्हापूरला पेटीवर कोण होतं?”

“तिथलेच कुणीतरी. माझ्या भाचीचं लग्न होतं.”

“जयसिंगपूरला?”

“मला ताप होता.”

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी नळीत फुंकत होतं आणि नर्स ओरडत होती, जोरात, अजून जोरात.

“वही लिहिणारा माणूस स्वतःला लिहायला विसरतो,” बाई म्हणाल्या. “आवाज चढवायची मला सवय नाही, धोंडीराम. काय आहे त्या चाटणात?”

मी बंडीच्या खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पेटीवर बसून बसून माझी पाठ धरते, तिच्यासाठी गावच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या. खलात एक कुटायची, मधात घोटायची. ज्येष्ठमधाच्या गोडीत कळत नाही.

“किती दिवस?”

“दोन वर्षं. फक्त कीर्तनाच्या दिवशी. त्यांनी गादी सोडतो म्हटलं होतं, बाई. गोळी द्यायला गेलो तर नेम मोडतो म्हणून हात झटकला. मला वाटलं, त्यांना कळणार नाही, नेम मोडल्याचं पाप माझ्याकडे, कीर्तन रामाकडे. मी... काल दीड घातली. पायरी चढवेना त्यांना.”

बाईंनी पाकीट उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं.

“काही माणसांचा दमा ह्या गोळ्यांनी उसळतो,” त्या म्हणाल्या. “मोठेपणी येतो. आधी नाक चोंदतं, नाकात द्राक्षासारखे कोंब वाढतात. मग दमा. मग एक दिवस गोळी घेतली की तास-दीड तासात हे असं. ह्यांना वास येतो का?”

“नाही.” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. “बुक्का आणि राख सारखीच वाटते म्हणाले होते.”

“कधी?”

“तुमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी.”

“आणि मी तपकिरीवर विश्वास ठेवून नाकात बत्ती मारली नाही. परवाच मारायला हवी होती. तो दोष माझा.” त्या उठल्या. “आता ऐका. ह्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार.”

“बाई, त्यांची श्रद्धा आहे की रामानं...”

“म्हणूनच. उद्या कुणी दुसरा प्रेमळ माणूस त्यांना डोकेदुखीची गोळी देईल. गुडघे रामानं दिले असं वाटत राहिलं तर ते विचारणार नाहीत, कसली गोळी म्हणून. मी सांगितलं तर आजार कळेल. तुम्ही सांगितलं तर खरं कळेल.”

तो दिवस मी दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेखाली काढला. सप्तमीला सकाळी वहिनी चहा आणायला गेल्या तेव्हा मी खाटेजवळ गेलो. बुवा उशीला टेकून बसले होते.

“ये. तुलाच शोधत होतो. जन्माच्या कीर्तनाला पांढरी एकच ठेवू. बाई एक तास देते म्हणाल्या, त्या एका तासात...”

“बुवा, पट्टीचं नाही. दुसरं सांगायचंय.”

सांगितलं. खल, मध, गोळी, परवाची दीड. कुठे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो.

बुवांचा चेहरा हलला नाही. “केव्हापासून?”

“दोन वर्षांपूर्वीच्या दत्तजयंतीपासून.”

“त्या दिवशी मी गादीवरून काय म्हणालो?”

“बुवा...”

“म्हण. तुझ्या वहीत असेल.”

“रामरायानं माझे गुडघे परत दिले, असं म्हणालात.”

“त्या दिवशीच?”

“नंतरही. पुष्कळदा.”

“मिरजेच्या त्या पांगळ्या म्हाताऱ्याला काय सांगितलं होतं? कीर्तनानंतर पाया पडायला आला तो?”

मला आठवत होतं. बुवांनी त्याचे हात धरून सांगितलं होतं, आजोबा, नाम घ्या, माझे गुडघे बघा.

“जीवाचं काही नाही रे,” बुवा म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. “जीव त्याचा आहे, नेला असता. पण तू मला नारदाच्या गादीवर उभं करून खोटं बोलायला लावलंस. दोन वर्षं.”

मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी पाय जवळ ओढून घेतले.

वहिनी चहा घेऊन आल्या. बुवा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला, “नवमीला पेटी आण. चाटण आणू नकोस.”

नवमीला देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. गाभाऱ्यासमोर पाळणा बांधलेला. गादीच्या मागे एक साधी लाकडी खुर्ची होती, आणि सगळे त्या खुर्चीकडे बघत होते. डॉक्टरबाईसुद्धा आल्या होत्या. बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून, पिशवीत औषधं घेऊन बसल्या होत्या.

बुवा आले. एका हातात काठी, एक हात वहिनींच्या खांद्यावर. गादीला नमस्कार केला. मग नानांकडे वळून म्हणाले, “नाना, तबक आणा. आधी मला.”

नानांनी गोंधळून बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली.

कपाळाला बुक्का लागल्यावर बुवा श्रोत्यांना म्हणाले, “पंचमीला आम्ही ह्याला देवळातून हाकललं होतं. ह्याचा काही गुन्हा नव्हता. रामाच्या दारात बिनगुन्ह्याची शिक्षा झाली, त्याची माफी मागतो.”

लोक हसले. बुवा हसले नाहीत.

“दुसरी गोष्ट. दोन वर्षं मी ह्या जागेवरून सांगत आलो की रामानं माझे गुडघे बरे केले. ते खरं नव्हतं. औषध पोटात जात होतं, मला ठाऊक नव्हतं. त्या औषधानंच माझा दमा उसळत होता. कुणी दिलं, कसं दिलं, ते कुणी विचारायचं नाही. ज्याला ज्याला मी माझे गुडघे दाखवले असतील, त्यानं नाम घ्यावं, ते खरं आहे. पण गुडघे डॉक्टरला दाखवावेत.”

देऊळ इतकं शांत झालं की पाळण्याची दोरी कुरकुरलेली ऐकू आली. माझी बोटं पेटीवर होती आणि समोरचं काही दिसत नव्हतं. महादू मला कोपरानं ढोसत होता, सूर धर, सूर धर.

“तिसरी आणि शेवटची,” बुवा म्हणाले. “माझ्या घराण्यात गादीवर कुणी बसलं नाही. उभं राहण्याचा मान मोठा आहे. पण खोट्या पायांवर उभं राहण्यापेक्षा खऱ्या खुर्चीवर बसलेलं बरं.” आणि ते बसले.

आवाज लहान झाला होता. लांब आलाप नव्हता, श्वास पुरेल तेवढ्याच ओळी होत्या, आणि दोन ओळींच्या मध्ये ते थांबत. त्या थांबण्यात लोक पुढे सरकून ऐकत. मी कितीतरी कीर्तनं ऐकली आहेत, थोरामोठ्यांची. तसं ऐकणारं देऊळ पुन्हा पाहिलं नाही.

बाराला पाच मिनिटं असताना सगळे उठले. जन्माला बसून राहायचं नसतं. बुवांनी काठी चाचपली, ती खाली पडली होती. त्यांनी हात मागे केला. मी पेटीशी गुडघ्यांवर उभा होतो, त्यांच्या मागे उजव्या अंगाला, हातभर अंतरावर. तो हात माझ्या खांद्यावर आला आणि सगळं वजन टाकून बुवा उभे राहिले. माझा उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर, खांद्यावर बुवा. घंटा झाली, गुलाल उडाला, पाळण्याची दोरी हलली. तेवढा वेळ मी भाता थांबू दिला नाही.

मग ते खाली बसले आणि हात काढून घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर वर्षभर आम्ही दोघं गावोगाव गेलो. खुर्ची मी वाहायचो. पट्टी, वेळ, गाडी, एवढंच बोलणं. साधा चहासुद्धा ते माझ्या हातून घेत नसत. मी दिला तर महादूकडे सरकवत. मी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. वहीत एक नवा रकाना केला, त्यात स्वतःला लिहू लागलो. पावसाळ्यात डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून नाकाचं ऑपरेशन झालं, कोंब काढले. दोन वेळचा फवारा नियमानं सुरू होता. दम पुन्हा कधी भर कीर्तनात उठला नाही. गुडघे मात्र जसे होते तसेच राहिले.

पुढचा पाडवा आला. साडेचारला मी देवळाच्या मागच्या खोलीत पेटी उघडून धूळ पुसत होतो. बुवा खुर्चीत बसले होते, उपरणं नीट करत.

“वाटी कुठाय?”

मला कळेना. “कसली?”

“पितळी. झाकणाची. घसा कोरडा पडलाय माझा.”

मी पळत घरी गेलो. सुंठ किसली, ज्येष्ठमध उगाळला, मध घातला. घाईत खल दोनदा हातातून निसटला. परत आलो आणि वाटी त्यांच्यापुढे धरली.

बुवांनी झाकण काढलं. वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि सावकाश, छातीभर वास घेतला. छातीत कुठे शीळ नव्हती.

“सुंठ,” ते म्हणाले. “मध. ज्येष्ठमध जरा जास्त झालाय.” डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. “आणखी?”

“आणखी काही नाही, बुवा.”

त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.